श्वासनलिकेत रुजणारी बुरशी

अॅस्परजिलस फ्युमिगेटस ही बुरशी कुजणारा पाला, शेणखताचे ढीग, ओल लागलेले धान्य अशा ठिकाणी वाढते. तिचे बीजाणू जेमतेम 2 ते 3 मायक्रॉनचे असल्याने श्वासाबरोबर ते फुफ्फुसाच्या टोकापर्यंत जातात. ते रोजच सगळ्यांच्या छातीत जातात. निरोगी श्वासनलिकेत त्यांचा निभाव लागत नाही. काही श्लेष्म्यात अडकतात आणि अस्तरावरचे सूक्ष्म केस त्यांना घशाकडे ढकलतात. त्याहून खोल गेलेल्यांना भक्षक पेशी गिळून टाकतात.

दमा, सिस्टिक फायब्रोसिस किंवा क्षयाने झालेली जुनी इजा असेल, तर ही सफाई मंदावते. साचलेल्या कफात बीजाणू फुगतो आणि त्याला तंतू फुटतो. खताच्या ढिगात 50 अंश उष्णता सोसणाऱ्या या बुरशीला शरीराचे 37 अंश तापमान चांगलेच मानवते. तंतूंतून स्रवणारी विकरे अस्तराच्या पेशी सुट्या करतात, तर ग्लायोटॉक्सिन हे विष केसांची हालचाल आणखी मंद करते. कफ साचतो म्हणून बुरशी वाढते आणि बुरशी वाढते म्हणून कफ साचतो.

तरीही, थुंकीत बुरशी सापडली एवढ्यावरून रोग ठरत नाही. बऱ्याच जणांत ती नुसतीच वस्तीला असते. काही दमेकऱ्यांचे शरीर मात्र तिच्यावर तुटून पडते, आणि बहुतेक हानी होते ती या प्रतिकारामुळेच. इंग्लंडमध्ये 1952 साली प्रथम वर्णन झालेल्या या विकाराला एबीपीए म्हणतात. यात बुरशी ऊतींमध्ये घुसत नाही, पण रक्तातले आयजीई हे अॅलर्जीशी निगडित प्रतिपिंड प्रचंड वाढते आणि इओसिनोफिल पेशी नलिकांत गर्दी करतात. खोकल्यातून कधी तपकिरी, रबरासारखा चिवट बेडका पडतो. ज्या नलिकेत तो घट्ट बसलेला असतो, तिच्या फांद्यांचा आकारही त्यावर उमटलेला दिसतो. त्यातला कण काचपट्टीवर घेऊन पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की कफ विरघळतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली आडव्या पडद्यांचे, साधारण 45 अंशांत दुभंगत गेलेले तंतू उरतात. अशी बुचे वारंवार बसून नलिकांच्या भिंती सैल पडतात आणि नलिका कायमच्या रुंदावतात. हे नुकसान भरून येत नाही, म्हणून निदान लवकर होणे फार महत्त्वाचे.

नेमके तिथेच भारतात घोटाळा होतो. खोकला, ताप, रक्त पडणे, एक्स-रेवर वरच्या भागात सावली, हे सगळे क्षयासारखेच दिसते. थुंकीत जंतू न सापडताही क्षयाची औषधे सुरू होतात, आणि तेवढ्या काळात नलिका खराब होत राहतात. जुना दमा आणि जागा बदलणारी सावली दिसली, तर आयजीईची तपासणी आधी व्हायला हवी. उपचारात प्रेडनिसोलोन किंवा इट्राकोनॅझोल देतात आणि आयजीई किती उतरते यावरून गुण मोजतात.

क्षय खरोखरच होऊन गेलेल्यांत बुरशीचे दुसरे रूप दिसते. बऱ्या झालेल्या पोकळीत तंतू, श्लेष्मा आणि मृत पेशींचा गोळा तयार होतो. रुग्णाने कूस बदलली की स्कॅनवर तो सरकलेलाही दिसतो. कित्येकांना वर्षानुवर्षे त्याचा त्रास नसतो. पण पोकळीच्या भिंतीतल्या फुगलेल्या रक्तवाहिन्या फुटल्या, तर खोकल्यातून इतके रक्त जाते की जिवावर बेतते. अशा वेळी कॅथेटरने ती वाहिनी बंद करतात, आणि उरलेले फुफ्फुस धड असेल तर शस्त्रक्रियेने गोळ्यासह तो भाग काढतात.