वांगाचा डाग आणि तापलेला पत्रा

एका पत्र्याच्या चारही कडा वेगवेगळ्या तापमानाला धरून ठेवल्या, तर मधल्या भागात उष्णता कशी पसरेल आणि शेवटी कुठे किती स्थिरावेल? फ्रान्समधले गणितज्ञ दोनशे वर्षांपूर्वी या प्रश्नामागे लागले होते. आज डोहाळजेवणाच्या फोटोत गालावरची पुटकुळी घालवायला ‘गिम्प’ या फुकट सॉफ्टवेअरमधलं ‘हील’ टूल फिरवलं की संगणक आतल्या आत हेच गणित सोडवतो. पुटकुळीचं आणि पत्र्याचं असं नातं असेल हे सांगूनही खरं वाटत नाही. पण ते आहे, आणि ते समजलं की चेहरा प्लॅस्टिकचा न करता फोटो कसा सुधारायचा, हेही कळतं.

वैराग हे बार्शी-सोलापूर रस्त्यावरचं बाजाराचं गाव. इथंही सातव्या महिन्यातलं डोहाळजेवण आता फोटोंशिवाय होत नाही. हिरवी साडी, फुलांचे दागिने, सजवलेला झोपाळा, हातात धनुष्यबाण, झाकलेल्या वाट्यांतून बर्फी निघते की पेढा याची गंमत. आणि त्याच्या आधी किंवा नंतर, उन्हं कलताना ज्वारीच्या रानाच्या कडेला घेतलेले नवरा-बायकोचे फोटो. हे सगळं कार्डात भरून फोटोग्राफर घरी येतो आणि साध्या संगणकासमोर बसतो. महिन्याला भाडं मोजावं लागणारं सॉफ्टवेअर प्रत्येकाला परवडत नाही. परवडलं नाही तरी बिघडत नाही, असं माझं ठाम मत आहे.

आधी कॅमेऱ्यासमोरच्या त्वचेकडे पाहू, कारण सगळ्यात मोठं नवल तिथंच घडत असतं. गरोदरपणात इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि रंगपेशींना चालना देणारं संप्रेरक ही तिन्ही वाढतात. त्वचेतल्या रंगपेशी जास्त मेलॅनिन बनवू लागतात. गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर वांग उमटतो. मान आणि काखा काळवंडतात. बेंबीखालून जाणारी एरवी न दिसणारी रेघ गडद होते. पोट वाढताना त्वचेच्या आतल्या थरातले तंतू ताणले जाऊन तुटतात आणि बाहेर पट्टे दिसतात. त्यात सोलापूर जिल्ह्याचं ऊन. वांग उन्हानं वाढतो, त्यामुळे उन्हातान्हात वावरणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर तो अधिक ठळक दिसतो. बाळंतपणानंतर पोटावरची रेघ बहुधा फिकी होते, वांगही अनेकींचा हळूहळू उतरतो. ताणाचे पट्टे फिकट होतात, पण राहतात.

आता कॅमेरा हे कसं पाहतो? तांबडा प्रकाश त्वचेत खोलवर शिरतो, आत विखुरतो आणि बराचसा परत बाहेर येतो. निळा प्रकाश फार आत जाऊ शकत नाही. मेलॅनिन आणि रक्त त्याला वरच्या वर गिळून टाकतात. कुठलाही चेहऱ्याचा फोटो गिम्पमध्ये किंवा ब्राउझरमध्ये चालणाऱ्या ‘फोटोपी’मध्ये उघडा आणि त्याची तांबडी, हिरवी, निळी वाहिनी वेगवेगळी करून काळ्या-पांढऱ्यात पाहा. तांबड्या वाहिनीत तोच चेहरा नितळ दिसतो. निळ्या वाहिनीत प्रत्येक डाग, प्रत्येक तीळ, वांगाची प्रत्येक कड वर येते. माणूस एकच, क्षण एकच, आणि त्वचा दोन. हा प्रयोग मी ज्याला ज्याला करायला सांगतो, तो थोडा वेळ बोलतच नाही.

यावरून जुन्या फोटोंचं एक कोडंही सुटतं. सुरुवातीच्या काळातल्या काचेच्या निगेटिव्हवरचं रसायन मुख्यतः निळ्याच प्रकाशाला जागं व्हायचं, तांबडा त्याला दिसतच नसे. म्हणजे त्या काळचा प्रत्येक चेहरा जणू निळ्या वाहिनीतून टिपला जायचा. साहजिकच डाग होते त्याहून काळे यायचे. म्हणून स्टुडिओत एक माणूस केवळ रिटचिंगसाठी बसे. त्वचेवरचा काळा डाग निगेटिव्हवर पारदर्शक ठिपका होऊन येतो. तेवढ्याच ठिपक्यावर अणकुचीदार पेन्सिलीनं हलके हलके शिसं चढवलं की छपाईत डाग फिका होतो. चांगला कारागीर डाग पूर्ण बुजवत नसे, आजूबाजूच्या सावलीला जुळेल इतकंच शिसं लावायचा. आजचं सगळं कसबही तेवढ्यावरच उभं आहे.

मोबाइलमधल्या ब्युटी फिल्टरला नेमकं तेवढंच जमत नाही. तो सगळंच पुसट करतो. डाग जातो, पण त्याच्याबरोबर रोमछिद्रं, बारीक लव, ओठांच्या कडेच्या रेघाही जातात आणि बाई मेणाची दिसू लागते. खरं तर त्वचेच्या फोटोत दोन चित्रं एकावर एक असतात. नांगरलेलं काळं रान लांबून पाहिलं तर कुठं ओल, कुठं सुकं अशा रंगछटा दिसतात, आणि बांधावर उभं राहिलं की ढेकळं दिसतात, तसंच इथं. वांग हा रंगछटांमधला मामला आहे. रोमछिद्रं म्हणजे ढेकळं. वांग काढायचा तर ढेकळांना धक्का लावायचं कारणच नाही.

ही दोन चित्रं वेगळी करता येतात, तीही शाळकरी बेरीज-वजाबाकीनं. समजा, गालावरच्या एका ठिपक्याची उजळता १५६ आहे आणि आजूबाजूची सरासरी १५०. सरासरीचा थर वेगळा काढून ठेवा. उरलेला फरक ६. तो करड्या रंगाच्या मध्यावर, म्हणजे १२८ वर ठेवला की पोताच्या थरात १३४ हा आकडा येतो. पुन्हा जोडताना १५० अधिक १३४ वजा १२८, बरोबर १५६. काहीच हरवलं नाही. आता तिथं वांगामुळे सरासरी १२० झाली असेल आणि आपण ती १४० पर्यंत आणली, तर तो ६ चा फरक जसाच्या तसा वर येऊन बसतो. डाग फिकटतो आणि छिद्र जागच्या जागी राहतं.

२०१८ मध्ये आलेल्या गिम्पच्या २.१० आवृत्तीपासून हे काम ‘वेव्हलेट डीकंपोज’ नावाचं फिल्टर एका झटक्यात करतं. ते फोटोचे आपोआप सहा थर पाडतं. पाच थर तपशिलांचे, प्रत्येकातले तपशील आधीच्याहून साधारण दुप्पट आकाराचे, आणि सहावा उरलेल्या रंगछटांचा. पहिल्या थरात लव आणि कण, मधल्यांत छिद्रं आणि सुरकुत्या, सर्वांत खाली वांग. एकेका थरापुढचं डोळ्याचं चिन्ह मिटवून-उघडून पाहत बसावं, इतकं ते देखणं असतं. या गणिताची कुळकथा तर आणखी विलक्षण. कुठलाही गुंतागुंतीचा आकार साध्या लाटांत मोडता येतो, ही कल्पना फ्रेंच गणितज्ञ जोसेफ फूरियेनं १८२२ च्या आपल्या पुस्तकात मांडली, आणि ते पुस्तक होतं उष्णतेवर. १९८० च्या दशकात झाँ मोर्ले हा भूभौतिकतज्ज्ञ जमिनीखालचं खनिज तेल शोधत होता. जमिनीतून परत येणारे धक्क्यांचे प्रतिध्वनी वाचायला त्याला आखूड, एका जागी थांबणाऱ्या लाटा हव्या होत्या. त्यांनाच वेव्हलेट म्हणतात. पुढे इंग्रिड दोबेशी आणि इव्ह मेयर यांनी या गणिताला भक्कम पाया दिला. मेयर यांना २०१७ चं आबेल पारितोषिक मिळालं. तेलाच्या शोधातून निघालेलं हे हत्यार आज वैरागमधल्या कुणाही फोटोग्राफरला एक रुपयाही न देता वापरता येतं.

आता पत्र्याकडे. पुटकुळी किंवा डासाचा चावा यांना हील टूल लागतं. कंट्रोल बटण दाबून जवळच्या स्वच्छ त्वचेवर क्लिक करायचं आणि मग पुटकुळीवर ब्रश टेकवायचा. सॉफ्टवेअर स्वच्छ जागेचा तुकडा उचलतं, पण नुसता चिकटवत नाही. तुकड्याच्या कडेवर दोन जागांच्या रंगात किती फरक आहे ते मोजतं. तो फरक म्हणजे पत्र्याच्या कडांचं तापमान. पत्र्यात स्थिरावलेली उष्णता सांगणाऱ्या, फ्रेंच गणितज्ञ लाप्लासच्या समीकरणानं तो आतपर्यंत अलगद पसरवतं आणि तुकड्यात मिसळतं. म्हणून सांधा दिसत नाही. पोत एका जागेचा आणि उजेड दुसऱ्या जागेचा, तरी त्वचा अखंड.

डोहाळजेवणाच्या फोटोंची स्वतःची एक अडचण असते, ती म्हणजे हिरवी साडी. तिच्यावरून उलटलेला उजेड हनुवटीखाली, दंडाच्या आतल्या बाजूला आणि पोटावर हिरवट झाक टाकतो. सावळ्या त्वचेवर ती आजारी दिसते आणि पुष्कळ जण तिलाच काळपटपणा समजून सगळा चेहरा उजळतात. इलाज वेगळा आहे: सर्वांत खालच्या थरात तेवढाच भाग निवडायचा, निवडीची कड मऊ करायची आणि हिरवा किंचित कमी करायचा. व्हिडिओवाले रंग तपासायला व्हेक्टरस्कोप वापरतात. त्यावर गोऱ्या, सावळ्या, काळ्या, सगळ्या माणसांची त्वचा जवळजवळ एकाच रेघेच्या आसपास पडते. रंगपेशींची संख्याही सगळ्यांत साधारण सारखीच असते. कमी-जास्त होतं ते मेलॅनिनचं प्रमाण आणि प्रकार. तेव्हा फोटोत कुणाला गोरं करण्याला सुधारणा म्हणणं मला पटत नाही. तो दुसऱ्याच बाईचा फोटो होतो.

मग किती करायचं? चार दिवसांत जाणार असेल ते खुशाल पुसावं: पुटकुळी, ओरखडा, चावा. काही महिन्यांनी उतरणारा वांग निम्मा फिका करावा, खालच्या थरातच, ब्रशची तीव्रता तीस-चाळीस टक्क्यांवर ठेवून. तीळ, व्रण, गोंदण यांना हात लावू नये. पोटावरची रेघ आणि पट्टे यांचा निर्णय मात्र फोटोग्राफरचा नाही. “दादा, सगळं साफ करा,” असं घरातलं कुणीही सांगून जातं, आणि जिचं पोट आहे तिचं मत कुणी घेतच नाही. तेव्हा तुम्ही हे काम करत असाल, तर थर पाडण्याआधी मूळ फाइल वेगळी जपून ठेवा, आणि पोटावर ब्रश टेकवण्याआधी तिलाच विचारा, “ताई, ही रेघ राहू देऊ का?”