सुरीचे पाते काळे करायचे, पण कशाने?

बकरी ईद जवळ आली की वर्षभर कापडात गुंडाळून ठेवलेली सुरी बाहेर निघते आणि तिच्यावर गंज दिसतो. मग कोणी सांगते, "पाते काळे करून घ्या, पुन्हा गंजणार नाही." हे अर्धेच खरे आहे. म्हणून या वेळी आम्ही याच विषयावर लिहीत आहोत.

लोहार बहुधा गाडीच्या जुन्या कमानपट्टीपासून सुरी घडवतो. या पोलादाला धार उत्तम लागते, पण ते स्टेनलेस नसल्यामुळे लवकर गंजते. ओळख सोपी आहे : कांदा किंवा लिंबू कापून सुरी तशीच ठेवली की पाते काळवंडते. लाल गंज पापुद्र्यासारखा सुटतो आणि खालचे लोखंड उघडे पडते. काळा थर मात्र पातळ असतो आणि पात्याला धरून राहतो. काळ्या पात्याचा फायदा तो हाच.

आता पर्याय पाहू. ऑइलपेंट किंवा स्प्रेचा रंग मांसाच्या सुरीला नकोच. धार लावताना त्याचे कण सुटतात आणि ते अन्नात जाऊ शकतात. बंदुकीची नळी काळी करण्यासाठी बाटलीतून मिळणाऱ्या द्रावणांत बहुधा सेलेनियमची विषारी संयुगे असतात. तीही स्वयंपाकघरात आणू नयेत. कारखान्यात कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या द्रावणात पाते काळे करतात. हा थर चांगला असतो, पण ते काम घरी करणे धोक्याचे आहे. गॅसवर पाते निळे होईपर्यंत तापवणे तर सर्वांत वाईट. निळा रंग साधारण 300 अंश सेल्सिअसला येतो, आणि तेवढ्या उष्णतेने धार मऊ पडते.

घरासाठी चहा आणि सिरका पुरे. पूर्वी माजूफळ आणि हिराकस यांपासून काळी शाई करत. चहातले टॅनिन लोखंडाशी मिळून तसाच काळा थर तयार करते. अर्धा लिटर पाण्यात चार-पाच चमचे चहापूड उकळून गाळावी. थंड झाल्यावर त्यात अर्धी वाटी पांढरा सिरका घालावा. पात्याचा गंज घासून काढावा आणि पाते साबणाने धुवावे. तेलकट बोट लागले तरी डाग राहतो. मग मूठ बाहेर ठेवून पाते या पाण्यात उभे करावे. दर अर्ध्या तासाने पाहावे. दोन-तीन तासांत करडा-काळा रंग चढतो. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, पुसून लगेच खोबरेल तेलाचा हलका हात फिरवावा. धार सर्वांत शेवटी लावावी.

मात्र धारेवर कोणताही थर टिकत नाही, कारण तिथे दगड फिरतो. तिचे रक्षण फक्त आपली सवय करते. रक्तात क्षार असतात, म्हणून काम होताच सुरी धुवावी, कोरडी करावी आणि तेल लावावे. चामड्याच्या म्यानात वर्षभर ठेवू नये, त्यात ओल राहते. कोकणच्या पावसाळ्यात महिन्यातून एकदा तरी पुसून पाहावी. थर फिका पडला तर तोच चहा पुन्हा करता येतो. रंगाची किंवा रसायनाची अशी दुरुस्ती घरी होत नाही.

हे सगळे दिसण्यासाठी नाही. जबह करताना पाते धारदार असावे आणि जनावराला त्रास कमीत कमी व्हावा, ही आपल्याला दिलेली शिकवण आहे. गंजलेल्या, बोथट सुरीने ती पाळता येत नाही. ईदच्या आदल्या रात्री धावपळ करण्यापेक्षा आठवडाभर आधीच सुरी काढून पाहावी. धारही तेव्हाच लावून ठेवावी, म्हणजे जनावरासमोर सुरी घासण्याची वेळ येणार नाही.