वानराची शेपटी कुठे वळते?

व्यंकटेश माडगूळकरांची जन्मशताब्दी 2027 साली आहे. ‘बनगरवाडी’वर परिसंवाद होतील, ‘माणदेशी माणसं’ पुन्हा वाचली जातील. ते व्हायलाच हवे. पण रानातल्या जनावरांची रेखाटने करणारे माडगूळकर यानिमित्ताने तरी पुढे यावेत, आणि त्यांची आठवण बिदर-कलबुर्गीच्या मराठी वाचकांनी आधी काढावी. त्यांचा माणदेश आणि आपला हा पट्टा एकाच कोरड्या दख्खनचा. तीच बाभळ, तेच कुसळी गवत, तोच बेभरवशाचा पाऊस.

तरुणपणी त्यांनी शिकारही केली. पुढे बंदूक सुटली, कागद आणि रेघ राहिली. जंगलात मुक्काम ठोकून त्यांनी ‘नागझिरा’ लिहिले. ‘सत्तांतर’ या कादंबरीला 1983 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वानरांच्या टोळीत नवा हुप्प्या येतो, जुन्याला हुसकावतो, पिलांच्या जिवावर उठतो. अनेकांनी ते राजकारणाचे रूपक म्हणून वाचले. मला हे वाचन अपुरे वाटते. जपानी संशोधक युकिमारु सुगियामा यांनी 1961 ते 1963 या काळात आपल्याच कर्नाटकात, धारवाडजवळच्या रानात, वानरांच्या टोळ्यांमधले हेच सत्तांतर पाहून नोंदवले होते. माडगूळकरांची कादंबरी आधी वानरांची आहे, रूपक नंतर.

चित्रकाराचा डोळा कशाला लागतो, ते वानराच्या शेपटीवरून कळते. साधारणपणे तापी-गोदावरीच्या उत्तरेकडची वानरे चालताना शेपटी पाठीवरून डोक्याच्या दिशेने वळवतात. दक्षिणेकडच्यांची शेपटी मागच्या बाजूला वळते. नागझिरा गोदावरीच्या उत्तरेला, आपण दक्षिणेला. म्हणजे नागझिऱ्यातल्या वानराचे चित्र गिरवून बसवकल्याणचे वानर काढले, तर ते चुकणार! काळविटाचेही तसेच. तरणा नर तांबूस असतो, वयाबरोबर पाठ काळी पडत जाते, डोळ्याभोवतीचे पांढरे कडे उठून दिसते. हे पुस्तकातून पाठ होईल, पण हातात उतरायचे तर जनावरासमोर बसावे लागते.

ज्याने असे पाहिले, तो माळाला ‘पडीक’ म्हणणार नाही. सरकारी कागदात मात्र गवताळ जमीन पडीकच ठरते. मग तिथे प्रकल्प येतात, नाहीतर सदिच्छेने झाडे लावली जातात. काळविटाला उघडे रान लागते. धोका लांबून दिसला पाहिजे आणि पळायला वाट मोकळी पाहिजे. माळावर दाट झाडी उभी करणे म्हणजे त्याचे घर मोडणे, हे वृक्षारोपणाच्या उत्साहात कुणी ऐकत नाही. कलबुर्गी जिल्ह्यातल्या चिंचोळीच्या जंगलाला 2011 साली अभयारण्याचा दर्जा मिळाला, सुमारे 135 चौरस किलोमीटर. कोरड्या प्रदेशातल्या रानालाही संरक्षण मिळू शकते, हे त्यातून दिसले. माळाच्या वाट्याला ते अजून फार थोडे आले आहे.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वन्यजीव सप्ताह असतो. शाळाशाळांतून चित्रकला स्पर्धा होतात आणि मुले मोबाईलवरचा वाघ काढतात. भालकी, औराद, आळंदच्या शिक्षकांना विनंती आहे: यंदा एक सकाळ मुलांना वह्या-पेन्सिली देऊन माळावर न्या, जनावरांपासून लांब बसवा आणि समोर दिसेल तेच काढायला सांगा.