‘कमजोरी’चे कोडे आणि जगभरच्या डॉक्टरांची देवाणघेवाण

बुलढाणा : ‘अंगात त्राण नाही’, ‘कमजोरी वाटते’, ‘सकाळी उठल्यापासून हातपाय गळालेले असतात’ या तक्रारी ग्रामीण भागातील दवाखान्यांना नव्या नाहीत. त्यावर रक्तवाढीच्या गोळ्या, शक्तिवर्धक औषध आणि रुग्णाचा आग्रह असेल तर सलाईन, असे उपचार ठरून गेलेले दिसतात. सहा-सहा महिने न हटणाऱ्या थकव्यामागे मात्र अनेक भिन्न कारणे असू शकतात आणि एका कारणावरचा उपाय दुसऱ्या कारणात निरुपयोगी, क्वचित अपायकारकही ठरतो. देशोदेशींच्या डॉक्टरांनी अनुभवांची देवाणघेवाण केली, तेव्हा ही बाब हळूहळू स्पष्ट होत गेली.

गोव्याने दिलेला धडा

दीर्घकालीन थकवा हा श्रीमंत देशांचा आजार मानला जात असे. या समजाला शेजारच्या गोव्यातून छेद मिळाला. डॉ. विक्रम पटेल, ‘संगात’ ही गोव्यातील संस्था आणि लंडनच्या ‘स्कूल ऑफ हायजिन अँड ट्रॉपिकल मेडिसीन’मधील संशोधक यांनी १८ ते ५० वयोगटातील स्त्रियांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २००५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. पाहणीत सहभागी झालेल्या २,४९४ स्त्रियांपैकी १२.१ टक्के स्त्रियांना सहा महिने वा त्याहून अधिक काळ थकवा जाणवत होता.

या पाहणीत थकव्याचा रक्तातील हिमोग्लोबिनशी संबंध आढळला नाही. तो आढळला गरिबी, कुटुंबावरील कर्ज, उपासमार, घरातील दुय्यम स्थान आणि मानसिक ताण यांच्याशी. याचा अर्थ रक्तक्षयाकडे दुर्लक्ष करावे, असा नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९ ते २०२१ या काळात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. त्याची तपासणी व उपचार झालेच पाहिजेत. परंतु हिमोग्लोबिन ठीक असूनही थकवा राहिला, तर ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे सांगून रुग्णाला परत पाठवणे योग्य ठरत नाही.

थकवा आणि ‘तो’ आजार

थकवा हे लक्षण आहे. ‘क्रॉनिक फटिग सिंड्रोम’ अर्थात ‘मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस’ हा स्वतंत्र आजार आहे. १९५५ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात अनेक कर्मचारी एकाच वेळी आजारी पडले आणि पुढील वर्षी ‘लॅन्सेट’ने या दुखण्याला नाव सुचवले. जागतिक आरोग्य संघटनेने १९६९ मध्ये त्याची नोंद मज्जासंस्थेच्या विकारांत केली. रक्ताच्या एखाद्या चाचणीने त्याचे निदान होत नाही. त्यामुळे लक्षणांचे निकष ठरवण्यासाठी निरनिराळ्या देशांतील तज्ज्ञांना वारंवार एकत्र यावे लागले.

अमेरिकेच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसीन’ने २०१५ मध्ये दिलेले निकष असे : सहा महिन्यांहून अधिक काळ कामाची क्षमता लक्षणीय घटणे, अल्पशा श्रमानंतर त्रास बळावणे आणि झोपूनही ताजेतवाने न वाटणे. याखेरीज स्मरण व एकाग्रतेतील अडचण किंवा उभे राहिल्यावर त्रास वाढणे, यांपैकी एक लक्षण आवश्यक मानले गेले.

यातील दुसरा निकष सर्वांत महत्त्वाचा आहे. ब्रिटनमध्ये २००७ पासून अशा रुग्णांना टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवण्याचा सल्ला दिला जात होता. ६४१ रुग्णांवरील एका चाचणीचा २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला अहवालही त्याच बाजूचा होता. मात्र त्या चाचणीच्या पद्धतीवर संशोधकांनी आक्षेप घेतले आणि व्यायामाने प्रकृती अधिक बिघडल्याचे अनेक रुग्णांनी सांगितले. अखेर ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘नाइस’ या ब्रिटिश संस्थेने व्यायाम वाढवत नेण्याची शिफारस मागे घेतली आणि उपलब्ध शक्तीच्या मर्यादेत राहून दिनक्रम आखण्यावर भर दिला. अनुभवांच्या देवाणघेवाणीत ज्ञानासोबत चुकाही पसरू शकतात, त्यामुळे रुग्णांचा अनुभव ऐकला जाणे अगत्याचे असते.

पडद्यावरची शाळा

हे ज्ञान तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत कसे पोहोचणार? याचे एक उत्तर पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या डॉ. संजीव अरोरा यांनी दिले. अमेरिकेतील न्यू मेक्सिको विद्यापीठात त्यांनी २००३ मध्ये ‘प्रोजेक्ट एको’ सुरू केला. त्यात दूरच्या गावांतील डॉक्टर ठरावीक वेळी पडद्यासमोर जमतात, रुग्णाचे नाव न सांगता अवघड प्रकरण मांडतात आणि तज्ज्ञांसह सर्वजण त्यावर चर्चा करतात. रुग्णाला शहरात पाठवण्याऐवजी ज्ञान गावात नेण्याची ही कल्पना होय. हेपॅटायटिस ‘सी’च्या ४०७ रुग्णांच्या अभ्यासात ग्रामीण डॉक्टरांच्या उपचारांचे यश विद्यापीठातील तज्ज्ञांच्या तोडीचे असल्याचे २०११ मध्ये दिसून आले. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ने मानसिक आरोग्यासाठी हीच पद्धत स्वीकारली. कोविडनंतर रेंगाळणाऱ्या थकव्याबाबतही अमेरिकेतील डॉक्टरांनी तिचा उपयोग केला.

बुलढाण्यासाठी काय?

बुलढाण्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. तेरा तालुक्यांच्या या जिल्ह्यात अशा चर्चासत्रांचे केंद्र होण्याची संधी त्याला आहे. शिवाय येथील डॉक्टरांना केवळ ऐकायचे नाही, सांगायचेही आहे. शेतातील मजुरी, घरकाम आणि कर्जाची चिंता एकाच वेळी वाहणाऱ्या स्त्रीचा थकवा कसा असतो, हे लंडन वा न्यू मेक्सिकोच्या डॉक्टरांपेक्षा येथील डॉक्टरांना अधिक ठाऊक आहे.

रुग्णांनीही थकवा लांबल्यास हिमोग्लोबिन, थायरॉइड व रक्तशर्करा यांच्या तपासण्यांबाबत डॉक्टरांशी बोलावे. झोप, मनःस्थिती आणि श्रमानंतर होणारा त्रास यांची माहितीही मोकळेपणाने द्यावी. सलाईनच्या बाटलीपेक्षा ही माहिती डॉक्टरांच्या अधिक कामी येईल.