नाताळच्या वाचनात बोधापेक्षा कथा हवी

नाताळ जवळ आला की ख्रिस्ती बोधपर कथांच्या शिफारशी सुरू होतात. त्यांपैकी अनेकींत बोध भरपूर आणि कथा नावापुरती असते. चार्ल्स डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरल’ मात्र आजही टिकून आहे. बालमजुरांच्या हालअपेष्टांवरील १८४३ मधील सरकारी अहवालाने अस्वस्थ झालेला डिकन्स प्रथम एक पत्रक काढणार होता. त्याऐवजी त्याने कादंबरिका लिहिली. १९ डिसेंबरला ती प्रसिद्ध झाली आणि पहिल्या ६,००० प्रती नाताळपूर्वीच संपल्या. येशूचा उल्लेख तीत अगदी मोजका आहे. कंजूष स्क्रूजला हलवते ती आजारी टिमची काळजी.

टॉलस्टॉयची ‘जिथे प्रेम, तिथे देव’ (१८८५) एका बैठकीत वाचून होते. प्रभूची वाट पाहणारा मोची दारातील बर्फ उपसणाऱ्या म्हाताऱ्याला चहा पाजतो. पाहुणा आला की नाही, हे वाचकानेच पाहावे.

मराठीत बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) आहेच. अनेक अभ्यासक तिला मराठीतील पहिली कादंबरी मानतात. धर्मप्रसाराचा हेतू तीत लपलेला नाही, प्रवचनेही आहेत; पण विधवांच्या दुःखाचे चित्रण अजून बोचते. मुलांसाठी नव्हे, जाणत्या वाचकासाठी ती घ्यावी.