मोडीच्या ‘क’चा आकडा

संगणकाला ‘क’ कळत नाही, त्याला कळतो तो आकडा. देवनागरी ‘क’चा आकडा २३२५. मिथिलेत मैथिली जिच्यात लिहिली जायची त्या तिरहुता लिपीतल्या ‘क’चा ७०७९९. आणि आपल्या मोडीच्या ‘क’चा ७११८२. शेवटचे दोन्ही आकडे जून २०१४ मध्ये, अक्षरांना असे आकडे ठरवून देणाऱ्या युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत एकदमच आले. दोन्ही लिप्यांचे प्रस्ताव अंशुमन पांडे यांचे.

त्याआधी संगणकावर मोडी उमटतच नव्हती असं नाही. फॉन्ट होते, पण ते देवनागरीच्या नाहीतर रोमनच्या आकड्यांवर मोडीचे आकार चढवायचे. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की मोडी गायब.

खरी गंमत आकारांची. आधी पानभर शिरोरेघ ओढायची, मग बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरं गुंफत जायचं. दोन शब्दांत जागा सोडायची रीत नाही. काही अक्षरांना काना लागला की मूळ रूप ओळखूसुद्धा येत नाही. मग अशा प्रत्येक रूपाला वेगळा आकडा द्यायचा का? नाही. आकडा अक्षराला, वळण सांभाळायचं ते फॉन्टने. ‘का’ लिहिलं तर साठवले जातात ते ‘क’ आणि काना, दोनच आकडे.

ह्रस्व-दीर्घाने मात्र घोळ घातला. मोडी लिहिणारे कारकून इ-ई, उ-ऊ हा भेद सहसा पाळत नसत. युनिकोडने तरीही दोन्हींना स्वतंत्र आकडे दिले. माझ्या मते ते ठीकच झालं, कारण देवनागरीतला मजकूर मोडीत नेताना काही सांडत नाही. पण जुना कागद उतरवणाऱ्याची पंचाईत होते. एकाने ह्रस्व धरलं, दुसऱ्याने दीर्घ, की एकच आडनाव शोधताना दोन जागी पडतं.

बदलापूरजवळच्या सोनिवलीत किंवा ठाणे जिल्ह्यातल्या कुठल्याही जुन्या गावात घराण्याचा माग काढायला निघालेल्याला ही अडचण कधी ना कधी भेटतेच. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधात राज्यभर मोडी दप्तरं उघडली गेली, जन्ममृत्यूच्या नोंदींचा गाव नमुना १४ सुद्धा, आणि मोडी वाचणाऱ्यांना अचानक भाव आला. पानं स्कॅन झाली तरी संगणकाच्या लेखी ती नुसती चित्रं. त्यांत ७११८२ कुठेच नाही. हस्ताक्षर ओळखायला यंत्राला शिकवता येतं, पण त्यासाठी माणसाने वाचून उतरवलेली पुष्कळ पानं आधी हवीत. आणि ती उतरवायला बसलेल्यांनी वेलांटी पहिली धरायची की दुसरी, हे आपसांत ठरवून घेतलेलं हवं.