संकटातलं पुढारपण – भाग 5 : धक्का सगळ्यांना जाणवला, अर्थ कुणी लावला?

10 जुलै 2024 च्या सकाळी, सव्वासातच्या सुमारास, हिंगोली जिल्ह्यात जमीन हलली. तीव्रता 4.5. परभणी, नांदेडसोबत आपल्या जालना जिल्ह्याच्या काही भागांतही धक्का जाणवला. त्याच वर्षी मार्चमध्ये हिंगोलीनं असाच एक दणका दिला होता. अशा वेळी काय होतं ते मंठा तालुक्यातल्या कुठल्याही गावाला सांगायची गरज नाही. माणसं अंगणात येतात, भांडी वाजली का ते एकमेकांना विचारतात, मोबाइलवर निरोपांचा पाऊस पडतो आणि तासाभरात सगळे आपापल्या कामाला लागतात. बहुतेक वेळा त्यात काही बिघडतही नाही. पण धाब्याच्या जुन्या घराच्या भिंतीला बोटभर भेग पडली असेल, तर त्या घरात रात्री झोपायचं की नाही हे कुणी ठरवायचं?

मागच्या भागात आपण मोल्टके या जर्मन सेनापतीपाशी थांबलो होतो. शत्रूशी गाठ पडली की आधी आखलेला बेत फार पुढे टिकत नाही, असं तो मानत असे. मग बेत बदलायचा कसा? याचं सर्वांत गाजलेलं उत्तर अमेरिकी हवाईदलातल्या जॉन बॉइड (1927–1997) या वैमानिकाचं आहे. कोरियाच्या युद्धात तो सेबर जातीचं लढाऊ विमान चालवत होता. समोरचं रशियन बनावटीचं मिग काही बाबतींत सरस होतं, तरी चकमकींत सेबर वरचढ ठरत होतं. बॉइडनं नंतर त्याची कारणं मांडली. सेबरच्या काचेच्या घुमटातून वैमानिकाला चौफेर दिसे आणि त्याच्या हायड्रॉलिक यंत्रणेमुळे एका हालचालीतून दुसऱ्या हालचालीत झटकन जाता येई. पुढे निवृत्तीनंतर त्यानं यावरून एक चक्र मांडलं: बघा, अर्थ लावा, ठरवा, करा आणि पुन्हा बघा. त्यावर त्यानं एकही पुस्तक लिहिलं नाही. तासन् तास चालणारी व्याख्यानं मात्र दिली.

आज व्यवस्थापनाच्या शिबिरांत बॉइडचं नाव घेऊन वेगाचा जप चालतो. चक्र जितकं लवकर फिरवाल तितकं चांगलं, असं सांगितलं जातं. मला हे बॉइडचं अर्धवट वाचन वाटतं. चार पायऱ्यांत त्यानं सर्वाधिक वजन दिलं ते अर्थ लावण्याला. डोळ्यांना जे दिसतं ते आपण आपल्या परंपरेतून, अनुभवातून आणि सवयीतून गाळून घेतो. गाळणी चुकीची असेल तर घाईनं फिरवलेलं चक्र चुकीच्या दिशेलाच लवकर नेतं.

याचा पुरावा परदेशात शोधायला नको. लातूर जिल्ह्यातल्या किल्लारी परिसरात 1992 मध्येच, मुख्य भूकंपाच्या सुमारे वर्षभर आधी, धक्के बसत होते. लोक घाबरले, काही काळ घराबाहेर झोपले, त्यांनी सरकारदरबारी गाऱ्हाणीही घातली. म्हणजे बघायचं काम चोख झालं होतं. पण दख्खनचं पठार हा स्थिर भूभाग, इथे मोठा भूकंप व्हायचा नाही, ही समजूत तेव्हा पाठ्यपुस्तकापासून नकाशापर्यंत सगळीकडे होती. भूकंपप्रवणतेच्या तेव्हाच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. 1967 च्या कोयनेच्या भूकंपानं ही समजूत हलवायला हवी होती, पण त्याचा संबंध धरणाच्या पाण्याशी जोडला गेला. धक्के थांबले तसे लोक घरात परतले. 30 सप्टेंबर 1993 ला, अनंत चतुर्दशीची रात्र सरता सरता, पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी घरं कोसळली आणि सुमारे 8,000 माणसं गेली. नकाशा बदलायला 2002 उजाडलं.

त्याच पहाटेची दुसरी गोष्ट शरद पवारांनी आत्मकथनात सांगितली आहे. ते तेव्हा मुख्यमंत्री होते. परभणीतलं विसर्जन लांबलं होतं, म्हणून ते उशिरापर्यंत जागे होते. मुंबईत खिडक्यांची तावदानं हलली, तेव्हा त्यांच्या मनात आधी कोयना आली. तो सवयीनं लावलेला अर्थ होता आणि तो चुकीचा होता. पण त्यांनी त्यावर हुकूम सोडले नाहीत, कोयनेच्या भूकंपमापन केंद्राला फोन लावला. केंद्रबिंदू तिकडे नसून लातूरकडे आहे हे कळताच रोख बदलला आणि सकाळीच ते किल्लारीत पोचले. पवारांच्या राजकारणाविषयी कुणाचं काय मत असेल ते असो, इथे बॉइडच्या चक्रातला कळीचा सांधा दिसतो. पहिला अंदाज चुकला तरी एका फोनची सवड ठेवली, आणि तेवढ्यानं काम झालं.

आपल्याकडे हा फोन कुणाला लावायचा? पोलीस पाटलाला कायद्यानं कर्तव्य नेमून दिलं आहे, जिल्हाधिकारी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे प्रमुख असतात, तहसीलदार आहेत. पण कागदावरची ही साखळी वरून खाली येईपर्यंत पूर्णा नदीचा पूर थांबत नाही. वर बुलढाण्यात खडकपूर्णा धरणाचे दरवाजे उघडले की तालुक्याच्या उत्तरेची पूर्णाकाठची गावं सावध करावी लागतात. पुराच्या रात्री नदीकडच्या गोठ्यातली जनावरं सोडायची का, हा प्रश्न तालुक्याच्या ठिकाणाहून सुटत नाही. जर्मन लष्करानं यासाठी एक रीत रुजवली होती. वरिष्ठानं हेतू सांगायचा, तो कसा साधायचा हे जागेवरच्या माणसानं ठरवायचं. ‘अंधार पडायच्या आत नदीकाठच्या वस्तीत माणूस आणि जनावर राहता कामा नये’ एवढं आधीच ठरलेलं असेल, तर आसऱ्यासाठी शाळा उघडायला मुख्याध्यापकांच्या सहीची वाट बघावी लागत नाही.

मात्र लष्कराची उपमा गावाला पुरती बसत नाही. सैनिक हुकूम मानतो. गावात सरपंचाचा हुकूम त्याची भावकीसुद्धा मानेल याची खात्री नसते. पंचायतीच्या निवडणुकीत हरलेली बाजू मदतीच्या यादीकडे संशयानं बघणार, दलित वस्तीला निरोप सगळ्यात शेवटी पोचणार, हेही आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा गावातला अर्थ एकट्या पुढाऱ्यानं लावून भागत नाही, तो लोकांना पटावा लागतो.

किल्लारीनंतर नेमका हाच पेच पडला. दगडानं मारलं, असं लोकांच्या मनात घट्ट बसलं आणि सगळ्यांना सिमेंटचंच घर हवं झालं. खरं कारण गुंतागुंतीचं होतं. भिंती जाड, पण गोल दगड मातीत नुसते रचलेले. भिंतीची आतली आणि बाहेरची बाजू बांधून ठेवणारे आरपार दगड नव्हते, आणि वर धाब्याच्या मातीचं प्रचंड ओझं. अनेक ठिकाणी भिंती पडल्या तरी आतले लाकडी खण उभे होते. म्हणजे माती कमी करून, आरपार दगड घालून, वरच्या अंगाला पट्टा बांधून जुनं घरही बरंच सुरक्षित करता येत होतं. हे अभियंत्यांनी सांगून गावाला पटेना. पुनर्वसनाच्या कार्यक्रमात प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ संस्थेकडे लोकसहभागाचं काम आलं आणि गावोगावच्या बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. घराघरांत जाऊन दुरुस्ती समजावणं, सरकारी मदतीचा पैसा कुठे लागतोय ते पाहणं, गवंड्याला टोकणं ही कामं त्यांनी केली. 2001 मध्ये भुज हादरलं तेव्हा लातूरकडच्या बायका आपला अनुभव घेऊन गुजरातेत गेल्या. बॉइडच्या व्याख्यानांत अशा बायकांना जागा नव्हती. माझ्या मते चक्राची दुसरी पायरी त्यांनीच सगळ्यात नीट केली.

मंठ्याच्या आसपासची धाब्याची घरं अजून गेलेली नाहीत. दर पावसाळ्याआधी गळती थांबावी म्हणून त्यांच्यावर मातीचा आणखी एक थर चढतो, आणि गळती थांबवणारा तोच थर धक्क्याच्या वेळी डोक्यावरचं ओझं होतो. कुठल्या घराचं धाबं हलकं करायला हवं, कुठल्या भिंतीला बाक आला आहे, ही पाहणी भूकंप नसतानाच करायची असते. ती करायला ग्रामसभेला कुणाची परवानगी लागत नाही.

पुढच्या भागात : 1972 चा दुष्काळ, रोजगार हमी आणि लष्करातलं रसदशास्त्र.